परत तेच गोल गोल फिरणारं चक्र!

काकूंच्या मसाल्याच्या साइटवर गोड्या मसाल्याचा भाव बदलायचा होता, 180 चे 200, बास. साइटची पानं बदलायचा एडिटर उघडला तर डावीकडचं पॅनल कोरं आणि मधे ते चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंयच. चहा केला, प्यायलो, कप विसळला, तरी फिरतंय!

मग नेहमीचं सुरू. ब्राउझरची कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) उडव, इनकॉग्निटोत बघ, साइट ज्यावर चालते त्या पीएचपीची मेमरी 128 वरून 256 एमबी कर, नाहीतर सगळे प्लगइन (साइटला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम) बंद करून एकेक चालू कर. सतरा प्लगइन आहेत हो, आणि साइट लाइव्ह आहे, मधेच कोणी ऑर्डर द्यायला आलं तर पेमेंटचं बटणच गायब. होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे ते) म्हणतात प्लगइनवाल्यांना विचारा, प्लगइनवाले म्हणतात होस्टिंगला विचारा, आणि मी आपला मधे चेंडू.

शेवटी एफ12 दाबून ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, बघितला (हे आधीच करायला हवं होतं, माहितीये) तर लाल अक्षरात 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड', म्हणजे एडिटरला लागणारी जेक्वेरी नावाची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आलेलीच नाही. साइट फास्ट करणाऱ्या प्लगइनने जावास्क्रिप्ट 'नंतर लोड करू' म्हणून मागे ढकललेली आणि एडिटर बिचारा तिची वाट बघत बसलेला. एडिटरचं पान त्यातून वगळलं, झटक्यात उघडला. रात्रीचा दीड. बरं मागच्या महिन्यातही हेच वगळलं होतं, अपडेटने ते सेटिंग पुसून टाकलं!

सकाळी काकूंचा मेसेज, "अरे एवढ्याशा कामाला एवढा वेळ? आणि ऐक, 200 नको, 190 च कर."