तीनशे मेसेज आणि मामाची आच्ची

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर चार अंगठे आणि दोन 'जय हिंद'ची स्टिकरं येऊन विषय संपला असता.

झालं असं, आज २९ जुलै. आमच्या दहावीच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने १९८७ चा कोलंबोतला फोटो टाकला, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने भारत-श्रीलंका करारावर सह्या करतायत तो. खाली लिहिलं, 'याला म्हणतात धमक. दुसऱ्या देशात फौज उतरवली.' लगेच दुसऱ्याचं उत्तर, 'धमक कसली, आत्मघात.' मग काय विचारता! दुपारपर्यंत तीनशे मेसेज. मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला होता, तो व्हिडिओ तीन वेळा फिरला. नेहरू आले, पटेल आले, इंदिराबाई आल्या. एका महाभागाने तर आज कोणकोणत्या शेजाऱ्याकडे सैन्य पाठवायला हवं याची यादीच दिली. या गृहस्थाला सोसायटीच्या मीटिंगसाठी दोन मजले उतरायचा कंटाळा येतो.

तीनशे मेसेज मी वाचले, सगळे. नेता शूर की मूर्ख, एवढाच वाद. जे गेले त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. 'बाराशे शहीद' हा आकडा आला, पण तोही एकमेकांच्या तोंडावर फेकायला.

माझा मामा गेला होता. १९८७ च्या ऑगस्टमध्ये. मी तेव्हा चौथीत होते. घरी कळलं ते एवढंच की मामा 'शांतिसेनेत' आहे, त्यामुळे आजी निश्चिंत. शांतता राखायला गेलाय म्हणजे लढाई नाही, असा तिचा सरळ हिशोब. पहिल्या पत्रात मामाने लिहिलेलं की इथे लोक हार घालतात, घरोघरी ताडाच्या झावळ्यांची कुंपणं आहेत, आणि एका घरातली म्हातारी रोज पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी राहते. तिला सगळे 'आच्ची' म्हणतात. 'आपली आजीच की, बोलायला थोडी वेगळी.' तिने त्याला दोन शब्द शिकवले होते. तण्णी म्हणजे पाणी. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, मामाला ती तंबी म्हणायची. हे पत्र आजीने शेजारीपाजारी सगळ्यांकडून वाचून घेतलं.

ऑक्टोबरनंतर पत्रं आखूड झाली. मग थांबलीच.

आता ग्रुपवरच्या धमकवाल्यांना माझा प्रश्न. तमिळ बंडखोरांना शस्त्रं खाली ठेवायला लावायला म्हणून आपण गेलो, आणि दोन-अडीच महिन्यांत ज्या तमिळांसाठी गेलो त्यांच्यातल्याच एलटीटीई या बंडखोर संघटनेशी लढू लागलो. ही पोरं कुणी तयार केली होती? त्यांच्यातल्या कित्येकांना आपल्याच भूमीवर प्रशिक्षण मिळालं होतं, हे आता काही गुपित राहिलेलं नाही. श्रीलंकेच्या उत्तरेला जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून आपली मुलं उतरवली, खाली एलटीटीई वाट बघत बसलेली. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण उतरले, जिवंत राहिला एक, तोही कैदेत. ही धमक कुणाची, दिल्लीची की त्या तिसांची?

आणि ग्रुपवर कुणाला परमवीरचक्राचं नाव आठवलं का? मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेला माणूस, ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच गोळी घातली, आणि प्राण जाईपर्यंत जवानांना हुकूम देत राहिला. महार रेजिमेंटबद्दल आपण एरवी किती अभिमानाने बोलतो! तीनशे मेसेजमध्ये हे नाव शून्य वेळा.

बरं, दुसऱ्या बाजूचंही एकदा म्हणून टाकते, नाहीतर लगेच मला एका खुर्चीत नेऊन बसवाल. काहीच करायचं नव्हतं, असं मी म्हणत नाही. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरंदारं जाळली, माणसं मारली, लाखभर निर्वासित तमिळनाडूत आले. १९८७ मध्ये जाफन्याची नाकेबंदी झाली तेव्हा आपण विमानांतून अन्नधान्य टाकलं. त्रिंकोमालीच्या बंदरावर बाहेरच्यांचा डोळा होता. दिल्लीत बसलेल्या कुणालाही झोप लागली नसती, मान्य. आणि पुढच्याच वर्षी मालदीवमध्ये आपले छत्रीधारी रातोरात उतरले, उठाव मोडला, काम झालं. तेही मान्य. पण तिथे काय करायचं आणि कधी परत यायचं हे उतरण्याआधी माहीत होतं. श्रीलंकेत हे कुणाला माहीत होतं?

मामाला तर नव्हतंच.

आणि हो, आपल्याकडे परदेशात फौज पाठवायला संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. मंत्रिमंडळाने ठरवलं की झालं. म्हणून तरी आधी गोंगाट व्हायला हवा, नंतर इतक्या वर्षांनी व्हॉट्सॲपवर नको. २००३ मध्ये झाला होता तसा. अमेरिकेला आपली फौज इराकमध्ये हवी होती, पार डिव्हिजनभर. वाजपेयी सरकारातल्याच काहींना जावंसं वाटत होतं. पण त्याआधी एप्रिलमध्ये इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लोकसभेत ठराव झाला होता, त्यात कुठला शब्द घालायचा यावर घासाघीस होऊन हिंदीत 'निंदा' शब्द गेला. विरोधक बोलले, पेपरांत रकानेच्या रकाने आले, आणि १४ जुलैला सरकार म्हणालं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही तर जमणार नाही. त्या नकाराला कुणी धमक म्हटल्याचं ऐकलंय? त्याचे फोटो कुणी फिरवत नाही. न गेलेल्या जवानांच्या आया कुठल्या तरी गावात आजही भाकरी थापत असतील, त्यांना कळलंही नसेल.

थोडं शांत व्हायचा प्रयत्न करते.

मामाची पलटण १९८९ च्या शेवटी परतली. पण तो त्याबद्दल बोलला नाही. आम्ही पोरं मागे लागायचो, मामा गोष्ट सांग, तर तो समुद्राची सांगायचा, जहाजाची सांगायचा. मार्च १९९० मध्ये शेवटची जहाजं त्रिंकोमालीहून निघाली आणि मद्रासला स्वागताला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, तेव्हा मामा सुट्टीवर घरी होता. पेपर वाचला, घडी घातली, गोठ्यात गेला. आजी म्हणाली, याला काय झालं? कुणाला काही झालं नव्हतं म्हणे. करुणानिधींचाही मला तेव्हापासून राग आहे, पण त्यांचे मतदार तमिळ, आणि आपल्या सैन्याच्या हातून तिथे तमिळ माणसं मेली हेही खोटं नाही. शांतिसेनेच्या 'आयपीकेएफ' या इंग्रजी आद्याक्षरांचा तिथल्या लोकांनी 'निरपराधांना मारणारी सेना' असा अर्थ लावला होता. जाफन्याच्या हॉस्पिटलात त्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट मेले. मी एकदा मामाला विचारलं होतं, तू होतास का तिथे? नाही म्हणाला. मी परत विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची हिंमत झाली नाही. आपलं माणूस असलं की आपणही ग्रुपवाल्यांसारखेच होतो.

आच्चीचं मात्र त्याने सांगितलं, खूप वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, वीज गेली होती त्या रात्री. नोव्हेंबरमध्ये घरझडती घ्यायचा हुकूम आला आणि त्यात नेमकी तीच गल्ली. झावळ्यांची कुंपणं पडलेली. आच्ची दारात उभी, हातात तांब्या नाही. मामाने आत शिरण्याआधी तिला विचारलं, 'तण्णी?' तिने काही न बोलता विहिरीकडे बोट केलं. बस. मग त्यांनी घर तपासलं, काही सापडलं नाही, पुढच्या घरात गेले.

त्या वेळी मला वाटलं, म्हातारी चिडली असणार, पाणीसुद्धा दिलं नाही. मनातल्या मनात मी तिच्यावर थोडी रागावलेही होते. आपला माणूस तहानलेला, आणि ही बोट दाखवते!

शांतिसेनेचं स्मारक कोलंबोजवळ त्यांच्या संसदेच्या परिसरात २००८ पासून उभं आहे, श्रीलंकेच्या सरकारने बांधलेलं. दिल्लीतलं आपलं राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २०१९ उजाडलं. मामाला एकदा दिल्लीला घेऊन जायचं माझ्या मनात होतं, भिंतीवर त्याच्या पलटणीतली नावं दाखवायला. कोविडमध्ये राहून गेलं, आणि मग तोच राहिला नाही.

दुपारी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'जवानांना विचारा, ते अभिमानानेच सांगतील.' तेव्हा मी फोन ठेवला आणि मामीला लावला. उगीचच. ग्रुपवरचं तिला काय सांगणार? म्हटलं, मामी, ती आच्चीची गोष्ट आठवते का गं, मामा तहानलेला होता ती.

मामी म्हणाली, "तहान कसली? बाटली भरल्याली हुती की त्यांची. हिरीचं पानी प्यायाला बंदी हुती फौजेत, इख घातलं असंल म्हून."

मी म्हटलं, मग मागितलं कशाला?

"म्हातारीनं वळखावं म्हून."

मला पुढे बोलता येईना. मग विचारलं, ओळखलं का तिने?

"वळखलं म्हून तर हीर दावली की."