खुलासा: ‘डीओ-१७८सी परवाना’ माणसाला मिळत नाही

ऐरोली-घणसोलीच्या इंजिनिअर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: विमान क्षेत्रात कंत्राटी सिस्टीम्स इंजिनिअर व्हायचं तर ‘डीओ-१७८सी परवाना’ सक्तीचा, आणि तो क्लासची फी भरून मिळतो.

असा परवाना नसतोच. डीओ-१७८सी हा अमेरिकेतल्या आरटीसीए संस्थेने डिसेंबर २०११मध्ये काढलेला मार्गदर्शक दस्तऐवज आहे. तो लागू होतो विमानातल्या सॉफ्टवेअरला. अभियंत्याच्या परवान्याबद्दल त्यात काही नाही. बिघाडाचा परिणाम किती गंभीर, त्यावरून सॉफ्टवेअरची ए ते ई पातळी ठरते. ए म्हणजे सर्वात गंभीर पातळी; तिला ७१ उद्दिष्टं पूर्ण केल्याचे पुरावे लागतात, आणि त्यातली बरीच तपासणी काम करणाऱ्याने स्वतः करून चालत नाही. मंजुरी मिळते विमानाला, इंजिनाला, उपकरणाला. ती देतात विमान वाहतुकीच्या नियामक संस्था: अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसए, आपल्याकडे डीजीसीए. (सिस्टीम्सवाल्यांचा जास्त संबंध खरं तर एआरपी ४७५४शी, म्हणजे विमानाच्या सिस्टीम्स कशा विकसित कराव्या याच्या मार्गदर्शक दस्तऐवजाशी येतो. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही!)

व्यक्तीला मिळणारं प्रमाणपत्र वेगळं, उदाहरणार्थ इनकोस या सिस्टीम्स इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सीएसईपी. त्याला कामाचा काही वर्षांचा अनुभव लागतो, आणि कायद्याने तेही सक्तीचं नाही.

विषय शिकायला क्लास जरूर लावा. ‘परवान्या’साठी पैसे मोजू नका. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.