‘गुणवत्ता असेल तर मोबाइल पुरे’ : वायटीटीच्या नावावर खपणारा एक गैरसमज

आदिवासी चित्रकर्मींना पाठबळ देण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे वाचायला मिळतो. आशय असा : न्यूझीलंडचा चित्रपट दिग्दर्शक टायका वायटीटी माओरी, म्हणजे तिथला आदिवासी आहे, त्याला ऑस्कर मिळालं ते स्वतःच्या हिमतीवर. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, यूट्यूब फुकट आहे. मग आदिवासींसाठी वेगळा निधी, वेगळ्या कार्यशाळा, वेगळे महोत्सव म्हणजे कुबड्या. वर त्यांना कोपऱ्यात बसवणं. आणि गोष्ट चांगली असेल तर ती कोण सांगतो याने काय बिघडतं?

आधी वायटीटी. या युक्तिवादासाठी याहून गैरसोयीचा माणूस शोधून सापडला नसता. ज्या लघुपटाने त्याला २००५ साली ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं, तो न्यूझीलंड फिल्म कमिशनच्या, म्हणजे सरकारी पैशातून झाला. पुढे अमेरिकेतल्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये त्याच्या पटकथांवर काम झालं. त्याच्या २०१० च्या ‘बॉय’ या चित्रपटाची सहनिर्माती होती माओरी दिग्दर्शिका मेराटा मीटा, आणि खरी गोष्ट तिच्यापासून सुरू होते. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडला आला, वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या. मीटाने ते सगळं टिपलं. पोलीस तिच्या फुटेजच्या मागे होते, तरी १९८३ मध्ये ‘पाटू!’ हा माहितीपट तिने पुरा केला. १९८७ मध्ये बॅरी बार्कले या माओरी दिग्दर्शकाचा ‘न्गाटी’ हा चित्रपट आला. त्याच्या युनिटवर माओरी तरुणांना काम शिकवायला मुद्दाम घेतलं होतं. पुढच्याच वर्षी मीटाचा ‘माउरी’. १९९६ मध्ये माओरी चित्रकर्मींनी ‘न्गा आहो फाकारी’ ही स्वतःची संघटना काढली. वायटीटी या सगळ्यानंतर आला. मीटा-बार्कलेंना हात धरायला मागे कुणी नव्हतं, वायटीटीला होतं. हा फरक त्याला स्वतःला ठाऊक आहे. २०२० मध्ये ऑस्कर हातात घेऊन त्याने ते जगभरातल्या आदिवासी मुलांना अर्पण केलं आणि पुढच्या वर्षी स्टर्लिन हार्जोबरोबर ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’ ही मालिका आणली. हार्जो अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, सेमिनोल-मस्कोगी आदिवासी, तोही सनडान्सच्याच कार्यक्रमातून वर आलेला. त्या मालिकेचे सगळे लेखक-दिग्दर्शक आदिवासी होते. स्वतःच्या हिमतीवर एकट्याने वर आलेला माणूस बहुधा असं वागत नाही.

मोबाइलचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅमेरा स्वस्त झाला हे चांगलंच झालं. पण कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या इग्लूलिकची हकीकत बघा. इनुइट म्हणजे तिथले आदिवासी. त्यांच्या या वस्तीने सत्तरच्या दशकात दोनदा मतदान करून टीव्ही नाकारला, कारण त्यावर आपल्या भाषेतलं काही नव्हतं. तिथल्या झकारियास कुनुक या शिल्पकाराने १९८१ मध्ये आपली शिल्पं विकून व्हिडिओ कॅमेरा आणला. म्हणजे कॅमेरा हातात होता. त्याच्या ‘अतानार्जुआत’ या चित्रपटाने फ्रान्समधल्या कान महोत्सवात कॅमेरा द’ऑर हा पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार मिळवला तो २००१ मध्ये. मधल्या वीस वर्षांत काय झालं? सरकारी मदतीवर उभ्या राहिलेल्या इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनमध्ये त्याची वर्षं गेली. १९९० मध्ये पॉल अपाक, पॉलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोन यांच्यासह त्याने ‘इसुमा’ ही कंपनी काढली. ‘अतानार्जुआत’ एका इनुइट दंतकथेवर आहे; अपाकने वडीलधाऱ्यांकडून तिची निरनिराळी रूपं ध्वनिमुद्रित करून पटकथा उभी केली (चित्रपट पुरा झालेला पाहायला तो राहिला नाही). गावातल्या बायकांनी कातड्याचे कपडे शिवले, जुनी अवजारं नव्याने घडवली गेली. यातलं काय मोबाइलमध्ये येतं? आणि यूट्यूबचं म्हणाल तर तिकडे इंटरनेट उपग्रहावरून, महाग आणि रखडत चालणारं होतं. म्हणून इसुमाला आपले व्हिडिओ दाखवण्यासाठी वस्त्यांमध्ये स्थानिक सर्व्हर बसवावे लागले. आपल्याकडे मेळघाटात किंवा भामरागडला रेंज शोधत टेकडी चढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता कुबड्या आणि कोपरा. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला ‘कामा’ हे आदिवासींचं माध्यम केंद्र सुरू झालं. फ्रेडा ग्लिन ही त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिचा मुलगा वॉरिक थॉर्नटन तिथल्या रेडिओवर गाणी लावायचा, मग कॅमेरा शिकला. दिग्दर्शिका रेचल पर्किन्सही तिथेच तयार झाली. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशनने आदिवासींसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि एकट्या-दुकट्याला धनादेश देण्याऐवजी लघुपटांच्या मालिका करवून घेतल्या. एका खेपेला अनेक दिग्दर्शक, एकमेकांचं काम बघत. १९९८ मध्ये पर्किन्सने पहिला चित्रपट केला तेव्हा कॅमेऱ्यामागे थॉर्नटन होता. २००९ मध्ये थॉर्नटनच्या ‘सॅमसन अँड डिलायला’ला कानमध्ये तोच कॅमेरा द’ऑर मिळाला. कोपऱ्यात बसवलेली माणसं कानला पोचतात ती अशी. वेगळ्या महोत्सवात आपापसात कौतुक करत बसण्याचा धोका नाही असं नाही. पण तो धोका पुण्या-मुंबईतल्या महोत्सवांना नाही का?

मराठी माणसाने तर ‘कुबड्या’ हा शब्द जरा जपून वापरावा. आपल्या सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान मिळतं, आणि २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी संध्याकाळचे खेळ द्यावेत म्हणून सरकारला मध्ये पडावं लागलं. तेव्हा आपण त्याला हक्क म्हणालो, आणि बरोबरच म्हणालो. हिंदीच्या शेजारी मराठीला जे हवं होतं ते मराठीच्या शेजारी कोरकूला, माडियाला, भिलीला नको?

कोण सांगतो याने फरक पडतो का, हे डिस्नेला विचारा. ‘फ्रोझन’ या ॲनिमेशनपटाच्या दुसऱ्या भागात सामींच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या आदिवासींच्या संस्कृतीचे संदर्भ घ्यायचे होते, तेव्हा २०१९ मध्ये त्यांना सामी प्रतिनिधींशी लेखी करार करावा लागला आणि सामी भाषेत डबिंगही करून द्यावं लागलं. कराराच्या टेबलावर समोर बसायला सामींकडे स्वतःच्या संसदा आणि संस्था होत्या म्हणून हे जमलं. गोष्ट चांगली असली की झालं, असं म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा हक्कांचे कागद असतात.

भारतात हे होणार नाही असंही नाही. रांचीत बिजू टोप्पो या उराँव आदिवासी दिग्दर्शकाने मेघनाथ यांच्यासोबत ‘अखड़ा’ या गटातून विस्थापन, खाणी, भाषा यांवर वर्षानुवर्षं माहितीपट केले, राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. महाराष्ट्रात मात्र मजल मोबाइल-लघुपट स्पर्धेपुढे क्वचितच जाते : विषय आयोजकांचा, परीक्षक शहरातले, बक्षिसाचा चेक, फोटो. स्पर्धा जरूर घ्या. पण तोच पैसा नंदुरबारला किंवा धडगावला एडिटिंगचं एक मशीन, आवाजाचं काम जाणणारा एक माणूस आणि आधी शिकून गेलेल्या तुकडीतल्या दोघांचा वर्षभराचा पगार यावर घालता येतो का, हा हिशोब आयोजकांनी एकदा मांडून बघावा.