दंगेखोर नाही हो, रिकामा आहे तो

दत्तक घेतलेलं कुत्रं पंधरा-वीस दिवसांत परत देणाऱ्यांची कारणं मला आता तोंडपाठ झाली आहेत. फार दंगा करतो, चपला खातो, झोपू देत नाही. आणि मग ते ठरलेलं वाक्य: "पहिले चार दिवस तर किती शहाणा होता!"

अहो, शहाणा कसला, घाबरलेला होता. नव्या घरात कुत्रा कोपरा धरून बसतो, खात नाही, भुंकत नाही आणि आपण त्याच्या गुणांचं कौतुक करत सुटतो. भीड चेपली की खरा कुत्रा बाहेर येतो. आमचा गराडू (इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूचा, म्हणजे तळून खायच्या कंदाचा, हंगाम सुरू असताना आला, रंगही तसाच तळलेला) पाहून आई म्हणाली, "गरीब आहे बिचारा." थोड्याच दिवसांत त्या गरिबाने दिवाणाची गादी फोडली आणि कापसाच्या ढिगात ऐटीत बसून राहिला.

यावर अख्ख्या इंदूरचा सल्ला एकच: पळवा त्याला, दमला की झोपेल. माझ्या मते हा सल्ला अंगावर उलटतो. रोज चेंडूमागे पळवलेला कुत्रा पैलवान होतो आणि त्याला दमवायला आणखी पळावं लागतं, तेही तुम्हाला. शिवाय तो इतका चढलेला राहतो की घरी येऊनही टेकत नाही. मोठं कुत्रं दिवसाचे साधारण १२ ते १४ तास झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. संध्याकाळी घरभर उधळणारं कुत्रं पुष्कळदा झोपेला आलेलं असतं, लहान पोरासारखं.

कुत्रा खरा दमतो तो नाकाने. सकाळी रामबागेत आम्ही बाहेर पडतो ते अंतर कापायला नाही, हुंगायला. एकाच खांबापाशी गराडू उभा: कान पुढे, नाकपुड्या थरथरताहेत, मध्येच फुस्स करून श्वास सोडतो आणि पुन्हा नाक लावतो. तेवढा वेळ पट्टा सैल सोडायचा, बस. घरी जुन्या पंच्यात त्याच्या खाण्याचे दाणे टाकायचे, गुंडाळी करून सैल गाठ मारायची आणि द्यायचं पुढ्यात. दाणे शोधून झाले की स्वारी गोधडीवर आडवी. त्या गोधडीवर असताना त्याला कुणी हात लावायचा नाही. हा नियम कुत्र्यासाठी नाही, आमच्याकडच्या भाचरांसाठी आहे.

बाकी इंदूरची म्हणून काही पथ्यं आहेत. पाहुणे लाडाने पोहे भरवतात. त्यातला कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, तेव्हा पाहुणा रुसला तरी चालेल. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, त्याला आतल्या खोलीत ठेवून कूलर लावायचा, घरघरीत बाहेरचा आवाज बुडतो. मे महिन्यात दुपारी डांबरावर न्यायचं नाही. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, यात चालढकल नको.

"नाही जमलं तर गल्लीत सोडून देऊ, मूळचा तिथलाच ना" हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. महिनोन्‌महिने घरात राहिलेल्या कुत्र्याला गल्लीतली टोळी परत घेत नाही, फाडून काढते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतल्या कुत्र्यांबाबत आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं होतं की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

म्हणून कुत्रं दत्तक घेऊ का असं कुणी विचारलं की मी प्रेमाबिमाचं काही विचारत नाही. सकाळी अर्धा तास एका खांबापाशी उभं राहायची तयारी आहे का, एवढंच विचारते. खात्री नसेल तर एखाद्या रविवारी या आमच्याकडे आणि गराडूला फिरवून बघा. पोहे मिळतील, बिनकांद्याचे.