गुडघ्याची "जोराची" गोळी

आषाढ लागला की आमच्या मालवण तालुक्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर रोज एकच मागणी येते. "झिला, माका ती जोराची गोळी दी. लावणी आसा, गुडघो वाकत नाय." दिवसभर चिखलात वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बाईला विश्रांती घ्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? तिचं दुखणं खरं आहे. पण "जोराची" या शब्दाची मला भीती वाटते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, सगळ्यांचं काम एकच: अंगात सूज आणि कळ आणणारं रसायन कमी करायचं. नीट डोसमध्ये घेतल्या तर दुखणं कमी करण्यात फार मोठा फरक नसतो. फरक पडतो तो घेणाऱ्याच्या पोटावर, हृदयावर आणि किडनीवर. नॅप्रोक्सेन पोटाला जड, पण हृदयाच्या दृष्टीनं त्यातल्या त्यात बरी. डायक्लोफेनॅक ज्याला हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याला देऊच नये. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन चालू असेल तर आयबुप्रोफेन तिच्या कामात आडवी येते. एटोरिकॉक्सिब दिवसातून एकदाच घ्यायची आणि पोटाला सौम्य, म्हणून सगळ्यांची आवडती. पण ती बीपी चढवते, आणि अमेरिकेत तिला मंजुरी मिळालेली नाही. तिच्याच कुळातली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली.

गोळीच्या नावापुढची अक्षरंही वाचा. "पी" म्हणजे पॅरासिटामॉल. वर तापाची गोळी वेगळी घेतली की डोस दुप्पट. "एसपी"मधलं "एस", म्हणजे सूज उतरवायला म्हणून घातलेलं सेराटिओपेप्टिडेज, तर जपानमध्ये 2011 साली कंपनीनंच बाजारातून काढून घेतलं, कारण चाचणीत फायदा दिसेना. आपल्याकडे अजून धडाक्यानं खपतंय. मला ते पटत नाही.

हे सगळं मला पाठ होतं, तरी घरात चूक झाली. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू होती. गुडघ्यासाठी ती डायक्लोफेनॅक घ्यायची. मे महिन्यात जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं, आणि ती तिन्ही गोळ्या घेत राहिली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, 1.0 वरून 2.4 वर गेलं. ही तिन्ही औषधं एकत्र आली आणि त्यात अंगातलं पाणी कमी झालं, की किडनीकडे जाणारं रक्तच घटतं. डॉक्टरांनी औषधं थांबवली, सलाइन लावलं, दहा दिवसांत आकडा खाली आला. ते दहा दिवस मी विसरणार नाही. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यांतून पोटात जाऊन गिधाडं मेली आणि 2006 मध्ये त्या वापरावर आपल्या देशात बंदी आली, तेव्हाही बंद पडली ती गिधाडांची किडनीच.

आता आई गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावते. रक्तात फार थोडं उतरतं, आणि गुडघा किंवा बोटांच्या सांध्यांना ते खरोखर लागू पडतं. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना आधी जेलबद्दल विचारावं, असं माझं ठाम मत आहे. गोळी लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि जेवणानंतर. बीपी, शुगर, किडनी किंवा रक्त पातळ करायची गोळी यातलं काहीही असेल तर काउंटरवर आधी ते सांगा. मी चिठ्ठी मागितली तर रागावू नका. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि ते तुमच्याच भल्यासाठी आहे.

आणि लावणीच्या दिवसांत ताप भरला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले, तर ते अंगदुखीचं किंवा वाताचं समजून यातली एकही गोळी घेऊ नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि तो आधीच किडनीवर उतरतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरला होतात हे तिथे आवर्जून सांगा.