दशांश चिन्हाच्या उजवीकडे

आम्ही बोलतो कोकणीत, वाचतो मराठीत आणि परिपत्रके येतात इंग्रजीत. त्यामुळे ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणाचे परिपत्रक फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात आले, ते आधी चहाच्या कपाखाली गेले आणि मग वाचले गेले. 'संगणकाचा सराव नसलेल्यांनी प्राधान्याने नाव नोंदवावे' असे त्यात होते. नोंदणी अर्थातच ऑनलाइन. त्यासाठी खाली क्यूआर कोड छापला होता, पण कागद आमच्यापर्यंत झेरॉक्सची झेरॉक्स होत पोचला होता. त्या जागी नुसता काळा चौकोन उरला होता आणि फोन कसाही धरला तरी म्हणत होता, उजेड वाढवा.

जाणार कोण, यावर फार चर्चा झाली नाही. शिपायाने लगेच गावची जत्रा पुढे केली. गोव्यात वर्षाच्या कुठल्याही दिवशी कुठे ना कुठे जत्रा, काला, नाहीतर फेस्त असतेच. रजेच्या अर्जाला कारण कमी पडत नाही. ताईंची निवृत्ती तोंडावर आलेली. त्या म्हणाल्या, "तूच वच गो. म्हाका आतां शिकोवन सरकाराक कितें मेळटलें?" सरकारच्या हिताचा इतका विचार करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मग मी कदंबाच्या बसमध्ये बसले आणि म्हार्दोळ, बाणस्तारी करत पणजी गाठली.

गोव्यात ग्रंथालयाचे कुठलेही भाषण 1832 सालापासून सुरू होते. याला इलाज नाही. त्या वर्षी पोर्तुगीज अमदानीत पणजीत सार्वजनिक ग्रंथालय निघाले, त्याचेच पुढे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले, आणि देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. हे ऐकताना प्रत्येकाची मान अभिमानाने ताठ होते. ती तशी ताठ असतानाच प्रशिक्षकांनी टेबलावरची वस्तू उचलून दाखवली आणि म्हणाले, "हा माऊस."

माऊस झाला, चहा झाला, आणि चहानंतर थेट मार्क 21. मार्क म्हणजे पुस्तकाची माहिती यंत्राला कळावी म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 1960 च्या दशकात तयार झालेली नोंदीची पद्धत. माऊस आणि मार्क यांच्या मध्ये काही असेल, तर ते चहाच्या वेळेत उरकले असावे. अंगणात सायकल शिकवून पोराला थेट झुआरी पुलावर सोडून द्यावे, तसे आम्ही पडद्याकडे बघत होतो.

मार्कमध्ये प्रत्येक गोष्टीला आकडा. लेखक 100, शीर्षक 245, पाने-आकार 300. इथवर ठीक. पण 245 ला शेपटीसारखे दोन निर्देशक असतात, आणि त्यातला दुसरा सांगतो की पुस्तके अकारविल्हे लावताना सुरुवातीची किती अक्षरे सोडायची. इंग्रजी शीर्षक 'द'ने सुरू झाले तर 4: तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा. 'ॲन' असेल तर 3. नुसते 'अ' असेल तर 2. यावर इतका वेळ गेला की समोरच्या वडाच्या सावलीने जागा बदलली. शेवटी मागून एका पेडण्याच्या भाईंनी विचारले, "सर, मराठी पुस्तकाला किती?" सर म्हणाले, "मराठीला शून्य." भाईंनी वहीत एवढेच लिहिले आणि पेनाला टोपण लावले. त्या खोलीत सगळ्यात जास्त शिकलेला माणूस तोच.

खरी गंमत जेवणानंतर आली. भाजी-पावाबरोबर मिरची खाऊन सगळे सुस्तावले होते. प्रशिक्षक राज्याबाहेरचे, स्वभावाने गोड. त्यांना कुणी काही सांगितलेले नसावे. त्यांनी सहज म्हणून ड्युई दशांश वर्गीकरणाचा तक्ता उघडला. मेल्विल ड्युईने 1876 मध्ये सगळे ज्ञान दहा खणांत बसवले आणि उरलेले दशांश चिन्हाच्या उजवीकडे ढकलले. भारतीय भाषांची साहित्ये अर्थातच उजवीकडची. सरांनी खडूने लिहिले: मराठी साहित्य 891.46. आणि त्याखाली, त्याच निष्पाप अक्षरात: कोकणी साहित्य 891.469.

खोलीतला पंखा मला पहिल्यांदाच ऐकू आला.

गोव्याबाहेरच्या वाचकाला यात काय झाले ते कळणार नाही. मराठी आणि कोकणी यांचे नाते काय, या प्रश्नावर आमच्याकडे मोर्चे निघाले, रस्ते अडले, घराघरांत भावाभावांनी बोलणे टाकले. मग 1987 मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापरायची मुभा राहिली, तेव्हा कुठे लोक जेवायला बसले. आणि इथे खडूच्या एका नऊने कोकणीला मराठीच्या घरात माडीवर खोली दिली होती.

"हा नऊ कुणी घातला?" पहिल्या रांगेतून विचारणा झाली.

"तक्त्यातच आहे, मॅडम."

"तक्ता कुणी केला?"

"अमेरिकेत."

"त्यांना काय ठाऊक?"

तेवढ्यात डिचोलीच्या एका गृहस्थांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या मते आकडा अगदी बरोबर आहे. झाले. पुढचा सगळा वेळ एका दशांश स्थळावर वाद रंगला आणि संगणक कंटाळून आपापले झोपी गेले. मला विचाराल तर दिवसभरात खरे ग्रंथालयशास्त्र तेव्हाच झाले: पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचे हा प्रश्न साधा नसतो, हे आमच्याइतके कुणाला कळणार? सरांनी घाईघाईने फळा पुसला आणि कोहा उघडला. हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झाले. 1999 चे 2000 होताना जुनी यंत्रणा बंद पडेल या भीतीपोटी तिथल्या ग्रंथालयाने ते करून घेतले आणि जगाला फुकट दिले. न्यूझीलंडचे आमच्या भाषावादात काहीच मत नाही, म्हणून वातावरण निवळले. प्रमाणपत्रे वाटली गेली.

परत आल्यावर खरे प्रशिक्षण सुरू झाले. आमच्याकडे जुनी पुस्तकयादी संगणकात होती, म्हणजे आहे असा आमचा समज होता. कुणीतरी पूर्वी ती एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. त्या संगणकावर ती सुरेख मराठी दिसे. दुसरीकडे उघडली की कादंबऱ्यांच्या जागी डॉलर, टोप्या आणि उलटे स्वल्पविराम. 'युनिकोडमध्ये आणा', म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसतील अशा अक्षरांत आणा, एवढेच प्रशिक्षणात सांगितले होते. कसे, ते उद्याच्या सत्रात होते, आणि प्रशिक्षण एकाच दिवसाचे होते.

मग बारकोड स्कॅनर आला. पहिले पुस्तक धरले, लाल रेघ पडली, टूं वाजले आणि पडद्यावर उमटले: 'उथ', पुढे काही आकडे. पुन्हा धरले. उथ. शिपाई म्हणाला, कादंबरी शिव्या देते आहे. कारण शेवटी सापडले. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने नुसता वेगाने टाइप करणारा कळफलक. आमच्या बारकोडच्या आधी जी आणि एल ही इंग्रजी अक्षरे, आणि संगणक कळफलकाच्या इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर ठेवलेला. इनस्क्रिप्टमध्ये मोठ्या जीच्या जागी उ आणि मोठ्या एलच्या जागी थ. म्हणजे स्कॅनर इमानदारीने इंग्रजी बोलत होता आणि संगणक इमानदारीने मराठी ऐकत होता. गोव्यात राहून मला हे आधीच ओळखीचे वाटायला हवे होते.

जून लागला तशी लाइट जाऊ लागली. इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाइटी आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावरचा पंखा चालतो. संगणकाला त्यात वाटा नाही, कारण पंखा बंद केला तर वाचक उठतील. मग दाखल नोंदवही बाहेर निघते. तिला फक्त वाळवी लागते.

वाचकांना मात्र मी 'कंप्युटर शिकून आल्ये' एवढेच कळले. तेव्हापासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापासून फोनमधून गायब झालेल्या नातवाच्या फोटोपर्यंत सगळे माझ्याकडे. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम घालून दिले, त्यातला चौथा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. रंगनाथनांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, आमचा सकाळचा वाचक वेळ वाचवायला येतच नाही. तो घालवायला येतो. हयातीच्या दाखल्यासाठी त्याच्या बोटाचा ठसा यंत्राला पटेपर्यंत तो मला पोर्तुगीज काळातल्या शाळेची सबंध हकीगत सांगतो.

आणि ताई? ज्यांना शिकवून सरकारला काही मिळणार नव्हते, त्यांनी कुणालाही न विचारता व्हॉट्सॲपवर वाचकांचा ग्रुप काढला. नवे पुस्तक आले की मुखपृष्ठाचा फोटो टाकतात. पहिला अंगठा ज्याचा, पुस्तक त्याचे. कोहाच्या शोधपानावर अजून आमच्या यादीचे डॉलर आणि टोप्या फिरत आहेत, आणि इकडे नवी पुस्तके कपाटात जायच्या आधीच वाटली जातात. ग्रुपवर शुभ सकाळची फुले टाकणाऱ्याला ताई एकदा ताकीद देतात, दुसऱ्यांदा बाहेर काढतात.

परवा दोघे जण एकाच कादंबरीसाठी काउंटरवर तावातावाने आले. एक म्हणे, मी आधी कळवले. दुसरा म्हणे, मी अंगठा दिला. ताईंनी चष्मा कपाळावर नेला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि वर सरकवत गेल्या. पहिल्याने खरेच आधी पाठवले होते, पण हात जोडलेले. त्याचे म्हणणे, हात जोडले म्हणजे विनंतीच झाली की नाही?

ताईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि ते दुसऱ्याच्या पुढे सरकवले. "नमस्कार म्हळ्यार नमस्कार," त्या म्हणाल्या. "पुस्तक आंगठ्याक."