काटेरी बिट न दिल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. आपला साडेचार वर्षांचा मारवाडी घोडा परतीच्या वाटेवर आवरत नाही, म्हणून आपण मागितलेले काटेरी बिट (बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात बसवून लगामाला जोडतात तो धातूचा दांडा) आम्ही दिले नाही, त्याऐवजी महाग स्टीलचे स्नॅफल (दोन्ही टोकांच्या कड्यांना लगाम जोडलेले साधे बिट) गळ्यात मारले आणि ते घालूनही घोडा थांबत नाही, अशी तक्रार आपण सविस्तर लिहिली आहे. ताकदीचा घोडा आवरेनासा झाला की स्वाराच्या जिवाला धोका असतो, त्यामुळे आपला राग आम्ही समजू शकतो. कोल्हापूर परिसरात घोडे पाळणारे अनेक जण हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

काटेरी बिट आमच्या दुकानात मिळत नाही आणि पुढेही मिळणार नाही. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनुसार, ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवर स्वारी करतानाही काटे, गाठी किंवा टोके असलेले बिट वापरण्यास मनाई आहे. कायदा नसता तरी आम्ही ते विकले नसते. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे जिभेवर आणि हिरडीवर बिटाचा भार येतो, आणि त्या पातळ हिरडीखाली लगेच हाड लागते. तिथे काटा रुतला की घोडा वेदनेपासून दूर पळू पाहतो, म्हणजे मान वर टाकतो, तोंड उघडतो आणि आणखी जोर करतो. जखमा होऊन भरत राहिल्या की त्या जागेची जाणीव मंदावते आणि मग ज्याला आपण तोंडाचा कडक घोडा म्हणतो तो तयार होतो. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराला कोणीही माणूस नुसत्या हाताच्या बळावर थांबवू शकत नाही. ते थांबते ते इशारा समजल्यामुळे.

आपण जोडलेल्या छायाचित्राबद्दल आवर्जून लिहावेसे वाटते. त्यात बिटाची एका बाजूची कडी ओठापासून बरीच बाहेर आलेली दिसते आणि दुसऱ्या बाजूची गालात रुतली आहे. याचा अर्थ बिट रुंदीला मोठे आहे. सांध्याचे मोठे बिट तोंडात सरकत राहते, खाली लोंबते आणि लगाम ओढताच त्याचा सांधा वर टोचू शकतो. खरेदीच्या वेळी आपण जुन्या बिटाचे माप सांगितले होते आणि त्याच मापाचे आम्ही दिले. माप मात्र घोड्याचेच घ्यावे लागते: गुळगुळीत, गोल काठी ओठांच्या कोपऱ्यांशी आडवी धरून दोन्ही बाजूंना खूण करावी आणि दर बाजूला सुमारे अर्धा सेंटिमीटर सूट द्यावी. बिट चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखाददुसरी सुरकुती पडावी, आणि नाकपट्टीखाली दोन बोटे सहज जावीत.

आमच्या कामगाराने दातांबद्दल, खुराकाबद्दल विचारले ते आपल्याला अनाठायी वाटले. परंतु घोड्याचे सुळे साधारणतः चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, दुधाचे शेवटचे दातही याच सुमारास पडतात, आणि वरच्या दाढांची बाहेरची कड झिजून धारदार होत असते. अशा तोंडात कोणतेही बिट दुखतेच. बिट बदलण्याआधी पशुवैद्यकांकडून तोंड तपासून घ्यावे, गरज असल्यास दाढा घासून घ्याव्यात. शिवाय दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याला हरभरा भरपूर मिळत असेल, तर अंगातली रग कुठेतरी निघणारच; ती लगामाने जिरत नाही.

याउपर थोडे अधिक नियंत्रण हवेच असेल तर पेल्हम (बाजूंना वर-खाली दांड्या, हनुवटीखाली साखळी आणि दोन लगाम असलेले बिट) हा एक पर्याय आहे आणि तो आमच्याकडे आहे. तो सरसकट कोणालाही आम्ही देत नाही, कारण खालची दांडी वरच्या दांडीच्या दुप्पट असेल तर हाताच्या ओढीचा हनुवटीखालच्या साखळीवर सुमारे दुप्पट ताण येतो. ज्याचा हात मऊ आहे आणि ज्याला दोन लगाम वेगवेगळे धरता येतात, त्याच्या हातात ते चांगले साधन आहे. लगामावर भार टाकून बसणाऱ्या स्वाराच्या हातात तेच छळाचे ठरते. आपल्या घोड्याच्या बाबतीत आमचे मत असे की, दात तपासून झाल्यावर योग्य रुंदीचे, मधोमध छोटा दुवा असलेले दोन सांध्यांचे स्नॅफल वापरावे आणि अनुभवी चाबुकस्वाराकडून काही काळ चाल आणि दुडकी यांतून थांबण्याचे शिक्षण द्यावे. घराच्या दिशेने तर काही दिवस चालच ठेवावी, दौड नको.

घेतलेले बिट वापरलेले असले तरी आणून द्यावे. घोडा दुकानापर्यंत आणणे शक्य नसेल तर खुणा केलेली काठी पुरेशी आहे. त्या मापाचे दोन सांध्यांचे बिट आम्ही बदलून देऊ आणि किमतीतील फरक घेणार नाही.

आपले नम्र,
दुकानमालक, कोल्हापूर